बालमजुरीविरोधी पाटी: मर्जी नव्हे, कायदा

स्थानकावर बालमजुरी किंवा तस्करीविरोधी पाटी लावणं ही प्रशासनाची मर्जी, असं पुष्कळांना वाटतं. बालमजुरीच्या पाटीबाबत तरी तसं नाही. बालमजुरीविरोधी कायद्याचं (१९८६) कलम १२ सांगतं, की प्रत्येक रेल्वे स्थानकावर कायद्यातल्या बंदी आणि शिक्षेच्या कलमांचा गोषवारा स्थानिक भाषेत आणि इंग्रजीत ठळक जागी लावायचा. २०१७ च्या नियमांत बस स्थानकं, टोलनाके, बाजार, हॉटेलंही आली. कोकण रेल्वेच्या गाड्या, हार्बर लोकल आणि पुणे-गोव्याचे रस्ते जिथे भेटतात, त्या पनवेलमध्ये हे सगळंच आहे.

‘तस्करी म्हणजे पळवून नेणं’ हा सर्वांत घट्ट बसलेला गैरसमज. रायगडच्या कातकरी वाड्यांकडे बघा. पावसाळ्यात हाताला काम नसतं, तेव्हा वीटभट्टीच्या कामापोटी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम मिळते. दिवाळीनंतर पोराबाळांसकट कुटुंब वीटभट्टीवर जातं. जूनच्या तोंडाशी हिशेब होतो, आठवड्याची खर्ची वजा जाते आणि उचल पुष्कळदा फिटलेलीच नसते. पुढच्या वर्षी पुन्हा तीच भट्टी. कुणी कुणाला पळवलेलं नाही. पण उचलीपायी मजुराला दुसरीकडे जाऊ दिलं नाही, तर ती वेठबिगारी. १९७६ च्या कायद्यानं असं कर्ज रद्दच ठरवलंय. हे किती वाड्यांना ठाऊक आहे?

‘ती राजीखुशीनं आली’ हे डान्सबारमधल्या मुलींवरून झालेल्या वादात पनवेलकरांनी पुष्कळ ऐकलं. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ प्रमाणे धाकानं, फसवून किंवा आमिष दाखवून शोषणासाठी आणलं असेल, तर संमतीला अर्थ उरत नाही. आणणारा, ठेवून घेणारा, दोघेही गुन्हेगार. शोषण म्हणजे फक्त देहविक्रय नव्हे. वेठीची मजुरी, भीक मागायला लावणं, अवयव काढणं हेही त्यातच येतं.

‘पाटी लावली की झालं’ हेही खरं नाही. कॅलिफोर्नियाच्या २०१२ च्या कायद्यानं बार, ट्रकथांबे, रेल्वे स्थानकं यांना इंग्रजी, स्पॅनिश आणि त्या भागातल्या आणखी एका भाषेत फलक सक्तीचा केला. पनवेललाही मराठी-इंग्रजीवर भागणार नाही. हिंदी, बांगला, नेपाळी हवी. वाचता न येणाऱ्यांसाठी चित्र आणि उद्घोषणा हवी. एक पाटी महिला स्वच्छतागृहाच्या दाराला आतून लावावी, कारण आणणारा पुरुष असेल, तर तो आतवर सोबत येत नाही.

‘पुरावा नसताना फोन कसा करायचा?’ पुरावा शोधणं पोलिसांचं काम, कळवायला संशय पुरे. मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१, रेल्वेत १३९, कुठेही ११२. १०९८ चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत आणि मूल स्वतःही तो लावू शकतं.