केवड्याची किंमत कणसावर ठरू नये

केवडा लांबून ताडा-माडाच्या गोतावळ्यातला वाटतो, पण तसा तो नाही. दोघेही एकदल, मात्र केवडा, म्हणजे पँडानस ओडोरिफर, पँडानेसी या वेगळ्या कुळातला. माड एकखांबी उंच जातो, तर केवड्याला फांद्या फुटतात आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला काटेरी कडांची लांबलचक पानं तीन ओळींत पीळ घेत चढतात. आंब्या-फणसाच्या बुंध्यावर दरवर्षी जाडी चढते, तशी सोय या झाडाला नाही. मग एवढा फांद्यांचा पसारा, पायाखाली सरकती वाळू आणि समोरून खारा वारा, हे पेलायचं कशाच्या जोरावर? खोडातून निघून तिरकी जमिनीत शिरणारी जाड आधारमुळं हे त्याचं उत्तर. याच मुळांच्या आणि पानांच्या गचपणात उडती वाळू अडते. माझ्या मते केवड्याचं मोल इथे आहे. आपण ते ठरवतो मात्र गणपतीच्या दिवसांतल्या कणसावर.

या सवयीत अर्धं झाड नजरेआड होतं. केवड्यात नर-मादी झाडं वेगळी, आणि घमघमाट फक्त नराच्या कणसाला. ओडिशातल्या गंजाममध्ये अत्तराचा सगळा धंदा या नरकणसांवर चालतो. मादीला अननसासारखं दिसणारं फळ धरतं, त्याला गिऱ्हाईक नाही. पण पिकल्यावर सुटणाऱ्या त्याच्या तंतुमय फोडी पाण्यावर तरंगतात, आणि समुद्रावरून दुसऱ्या किनाऱ्याला लागून रुजतात. अत्तराच्या हिशेबात जी निरुपयोगी, तीच झाडाला नवा किनारा मिळवून देते.

केवड्याच्या बनात साप असतात, हा आक्षेप ठरलेला. असतात, पण वासाला भुलून नव्हे, तर दाट आडोसा आणि बेडूक-उंदीर मिळतात म्हणून. वस्तीला, वाटेला खेटून तो लावू नये, एवढं मान्य. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सुरू भराभर वाढतो, मग हे काटेरी लचांड कशाला? सुरू उंचावर वारा अडवतो हे खरं, पण त्याचा बुंधा खाली मोकळा, आणि वाळू तर जमिनीलगतच धावते. म्हणून सुरूच्या पुढ्यात, पुळणीच्या वरच्या अंगाला केवड्याची वई हवी. पुळणीवरची वाळू उपसली जात असेल, तर मात्र केवडाही हतबल आहे. मुळं धरणार कशाला? जिथे वाळू शाबूत आहे तिथे जुन्या झाडांच्या फांद्या लावूनही वई उभी राहते. त्यासाठी फांद्या निवडताना फळ धरलेलं झाड वगळू नये.