नाबोथाचा मळा

फादर फ्रान्सिस दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी गेले. दोन-तीन दिवस आमच्या वसईत ज्याच्या त्याच्या मोबाइलवर त्यांचा फोटो होता. आठवडा उलटायच्या आत त्याच मोबाइलवर नव्या टॉवरच्या बुकिंगची जाहिरात फिरू लागली. पाठवणारी माणसं तीच होती, फोटोखाली ‘हरित वसईचा शिल्पकार’ असं लिहिणारी. मला ते फार लागलं. फादर गेले याचं दुःख होतंच. पण ज्या दशकात त्यांनी आम्हाला जगायचं कारण दिलं, ते दशक वसई इतक्या सहज विसरली, याचा संताप अजून गेलेला नाही.

वसईबद्दल कुणी लिहायला बसलं की पोर्तुगीज, किल्ला, १७३९ आणि चिमाजी अप्पा यांतच पानं सरतात. ते सगळं शाळेत झालेलं आहे. माझं बालपणही मी पटकन ओलांडतो. आजोबांच्या काळी मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर ती मराठीत आली आणि देव आमच्या भाषेत ऐकू येऊ लागला. पण ऐकू येणं वेगळं, आत उतरणं वेगळं. पहिलं कम्युनियन, दृढीकरण, मे महिन्यात क्रूसापाशी रोजरी, नाताळचा गोठा, हे सगळं आम्ही केलं. ते घरातलं वळण होतं, इतकंच.

नोकरी लागली आणि ते वळणही सैल झालं. फोर्टातल्या एका कचेरीत मी कारकून होतो. अंधारात घर सोडायचं आणि अंधारात परतायचं. विरार लोकलमध्ये उभ्या उभ्या आयुष्य चाललं होतं. आमच्या आधीच्या पिढ्यांनीही पहाटेच्या गाड्या पकडल्या, पण भाजीच्या, फुलांच्या टोपल्या आणि दुधाचे कॅन घेऊन. मुंबईला आपल्या वाडीतलं काहीतरी द्यायला ते जात होते. आम्ही डबा नेत होतो आणि पगार आणत होतो. रविवारी कुणाच्या तरी ओटीवर भाड्याचा व्हीसीआर असायचा, तीन-तीन सिनेमे लागोपाठ. गाडीत गप्पा एकाच विषयावर: अमक्याने किती गुंठे दिले, कितीला दिले. आपण कशासाठी जगतो, असं त्या काळात मला कुणी विचारलं असतं तर मी खोलीचा स्लॅब टाकायचा आहे असं सांगितलं असतं, आणि तेच खरं होतं.

ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा वसईच्या हरित पट्ट्यावरची बंधनं सैल झाली. १९९० मध्ये सिडकोला इथलं नियोजन प्राधिकरण नेमलं. कागदावर ते नियोजन होतं. गावांत जे दिसलं ते असं: स्टेशनाकडे इमारतींची रांग उठली, त्या इमारतींना नळ नव्हते, म्हणून आमच्या वाड्यांतल्या विहिरींवर पंप बसले आणि दिवसरात्र टँकर धावू लागले. किनाऱ्याकडच्या वाळूत गोडं पाणी वर तरंगतं, खाली खारं असतं. बापजादे रहाटाने उपसायचे तेवढ्यात ते टिकलं होतं. पंपाने उपसल्यावर खारं वर आलं. आधी पानवेल गेली, मग राजेळी केळी. ज्यांनी टँकरला पाणी विकलं त्यांच्याइतकीच शेजाऱ्याची बागही मेली.

त्याच सुमाराला, ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या एका रविवारी, आमच्या धर्मग्रामातल्या धर्मगुरूंनी प्रवचनात नाबोथाची गोष्ट घेतली. राजे, पहिलं पुस्तक, अध्याय एकविसावा. अहाब राजाला वाड्यालगतचा नाबोथाचा द्राक्षमळा हवा असतो, भाजीचा मळा करायला. बदल्यात याहून चांगला मळा देतो म्हणतो, नाहीतर रोख किंमत. नाबोथ म्हणतो, वाडवडिलांचं वतन मी द्यायचं नाही. राजा जेवण सोडून भिंतीकडे तोंड करून पडतो. पुढे राणी ईजबेल खोटे साक्षीदार उभे करते, नाबोथाला दगडांनी ठेचून मारतात आणि राजा मळ्याचा ताबा घ्यायला निघतो, तेव्हा एलीया संदेष्टा समोर उभा राहतो. धर्मगुरू यावर एक शब्दही जास्त बोलले नाहीत. गरज नव्हती. देवळात बसलेल्या प्रत्येकाला आपल्या गावातला अहाब कोण, हे ठाऊक होतं. त्याहून अवघड प्रश्न मला पडला: मी यात कोण? नाबोथ, खोटा साक्षीदार की नुसता बघणारा? त्या रात्री मी घरातलं बायबल काढलं. लग्नात भेट मिळालेलं ते पुस्तक तोवर कोरंच राहिलं होतं.

त्या रविवारपासून १९९८ पर्यंतचा काळ मी माझं खरं आयुष्य मानतो. दिब्रिटो फादरांच्या हरित वसई संरक्षण समितीच्या सभा, मोर्चे, उपोषणं, टँकर अडवणं. दिब्रिटो फादर ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते. १९८३ पासून २००७ पर्यंत त्यांनी ते सांभाळलं. तोवर संतचरित्रं आणि प्रार्थना एवढीच धार्मिक मासिकाची कल्पना आमच्याकडे होती. त्यांनी त्यात पाणी, झाडं, जमीन, गुंडगिरी यांवर लिहिलं, आणि तुकोबा, ज्ञानोबांना सोबत घेऊन लिहिलं. आम्ही ते मोठ्याने वाचायचो, ज्यांना वाचता येत नव्हतं त्या बायाही ऐकायला बसायच्या. सभेला कुपारी ख्रिस्ती असत, वाडवळ असत, कोळी असत. ख्रिस्ती आणि हिंदू असा भेद विहिरीच्या पाण्यात कुठून आणायचा? धमक्या येत होत्या. रात्री एकट्याने जायचं नाही असं घरून बजावलं जायचं. माझ्या आईने, जिने कधी कुठल्या सभेत पाऊल टाकलं नव्हतं, तिने मोर्चाच्या दिवशी डोक्यावरचा पदर कमरेला खोचला आणि रोजरी मुठीत घेऊन निघाली.

तेव्हा प्रार्थना बदलली. पूर्वी मी देवाकडे बढती मागायचो. आता सकाळच्या गाडीत लूक किंवा मार्कचा एक उतारा वाचायचो आणि संध्याकाळी त्याचं काय झालं ते स्वतःला विचारायचो. पेरणाऱ्याचा दाखला किती वेळा ऐकला होता! काट्यांत पडलेलं बी उगवतं, पण संसाराच्या चिंता आणि पैशाचा मोह त्याची वाढ खुंटवतात. बी मेलं असं येशू म्हणत नाही, त्याला फळ येत नाही म्हणतो. माझी अवस्था नेमकी ती होती. विश्वास गेला नव्हता, खुंटला होता. तो वाढीला लागला तो एकांतातल्या ध्यानाने नाही, शेजाऱ्याच्या विहिरीपाशी उभं राहिल्याने. हे मी सिद्धांत म्हणून मांडत नाही, माझ्यापुरतं घडलं ते सांगतो.

काही हिशेब मात्र मांडायचेच आहेत. ‘पाद्र्यांनी वेदीपाशी राहावं, राजकारणात पडू नये’ असं त्या दिवसांत आमच्यातलेच प्रतिष्ठित लोक म्हणत. त्यांतले कितीतरी जमिनीच्या दलालीत होते. पुढे त्यांनीच सणाच्या मंडपाला देणग्या दिल्या, फलकावर त्यांची नावं लागली आणि आम्ही लागू दिली. विश्वास आणि व्यवहार वेगवेगळ्या खोल्यांत ठेवायची शिकवण त्यांनी दिली, आणि आजची वसई त्या शिकवणीवर बांधलेली आहे.

२२ मे १९९८ रोजी वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, थॉमस डाबरे पहिले महागुरुस्वामी झाले. आनंदाचा दिवस होता. त्यानंतर, का कोण जाणे, चळवळीची धग उतरली. थकवा असेल, जमिनीही विकून संपत आल्या होत्या. पुढची वर्षं मी भरभर सांगतो. २००९ मध्ये महापालिका आली; गावं वगळण्यासाठी पुन्हा रस्त्यावर उतरावं लागलं. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक काढलं, पृथ्वी हे सगळ्यांचं घर आहे आणि तिची राखण हा श्रद्धेचाच भाग आहे असं सांगणारं. ते वाचताना मला रडू आलं. पाव शतकापूर्वी वसईच्या बायकांनी टँकरपुढे बसून हेच सांगितलं होतं. २०१८ च्या जुलैत वसई दिवसच्या दिवस पाण्यात बुडाली. बावखलं, म्हणजे गावातली तळी, बुजवली, नाले अडवले, मग पाऊस जाणार कुठे?

२०२० च्या जानेवारीत फादर उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ख्रिस्ती धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून काहींनी विरोध केला. ज्याने सारी हयात मराठीत लिहिलं, ‘सुबोध बायबल’ मराठी वाचकाच्या हाती दिलं, त्याला त्याचा झगा दाखवून परका ठरवू पाहणं महाराष्ट्राला शोभलं नाही. दोन महिन्यांत टाळेबंदी आली, देवळं बंद झाली. मिस्सा मोबाइलवर बघायची सवय लागली, आणि देवळं उघडल्यावर मोबाइल आमच्याबरोबर बाकावर येऊन बसला.

आज पहिल्या कम्युनियनला ड्रोन उडतो. क्रूसाच्या सणाला डीजे असतो. धर्मग्रामाच्या व्हॉट्सअॅप समूहावर रोज पहाटे वचन येतं आणि न उघडताच पुढे जातं. पोरं हुशार आहेत, कॅनडाला जाण्याच्या तयारीत आहेत, त्यांचा राग नाही येत. ‘तू पुष्कळ गोष्टींची दगदग करतेस’ असं येशूने मार्थेला सांगितलं, ते आम्ही स्वयंपाकघरापुरतं समजलो. आमची दगदग आता देवळाच्या आवारातच आहे, आणि ती भक्तीच्या नावाने चालते. एका तरुणाने मला विचारलं, ‘काका, इतकं सगळं करूनही रिकामं का वाटतं?’ मी त्याला नाबोथाची गोष्ट वाचायला दिली. चार दिवसांनी तो परत आला आणि म्हणाला, ‘आपल्या मागचं बावखल कोण बुजवतंय?’

गेल्या पावसाळ्यानंतर दर शनिवारी आम्ही काही जण त्या बावखलापाशी जमतो. तोच तरुण त्याच्या मित्रांना घेऊन येतो. आधी शुभवर्तमानाचा उतारा, मग प्लास्टिक आणि डेब्रिज उपसायचं. सातबारा आणि जुने नकाशे मिळवले, पालिकेत अर्ज दिला, पोच घेतली. येत्या उपवासकाळात राजे एकविसावा अध्याय मोठ्याने वाचायचं ठरवलं आहे, देवळात नाही, त्या बावखलाच्या काठावर. ज्यांचे डंपर तिथे रिकामे होतात, त्यांच्या घरी जाऊन निमंत्रण दिलं आहे. त्यांतला एक माझ्याबरोबर तेव्हाच्या त्या उपवासकाळी त्याच देवळात बसला होता. तो येतो म्हणाला आहे.