शिकवणारे कोण, मतदार कोण?

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, 2016 नुसार अधिसभेवर महाविद्यालयीन शिक्षकांचे 10 प्रतिनिधी निवडून जातात. पूर्वी निवडणुकीतून येणारा अधिष्ठाता मात्र आता नेमला जातो. निवडणुकीने गटबाजी माजते, हा त्यामागचा युक्तिवाद. तो खोटा नाही. पण नेमणुकीने राजकारण संपत नाही, ते मतपेटीतून बंद दालनात जाते, आणि तिथे जाब विचारणे अवघड. खरी अडचण आणखी खाली आहे. कायद्याच्या लेखी शिक्षक म्हणजे पूर्णवेळ, मान्यताप्राप्त शिक्षक. अनेक महाविद्यालयांचे वर्ग ज्यांच्या जिवावर चालतात, ते तासिका तत्त्वावरचे शिक्षक त्यात बसत नाहीत. ते तात्पुरते आहेत, असे कुणी म्हणेल. पण वर्षानुवर्षे तेच वर्ग घेणाऱ्यांना तात्पुरते ठरवणे ही निव्वळ प्रशासनाची सोय. किमान अभ्यासमंडळावर त्यांना जागा द्यायला फारसा खर्च नाही, कायद्यात दुरुस्ती तेवढी लागेल.