बिलिंग अडकतंय? नवीन कॉम्प्युटर घेण्याआधी एवढं करून बघा

काउंटरवर चार गिऱ्हाइकं उभी आहेत आणि बिलिंगची स्क्रीन नुसती गोल गोल फिरतेय. कारण त्याच कॉम्प्युटरवर मागे नवीन मालाचा व्हिडिओ एक्स्पोर्ट होतोय. दुकानात कॉम्प्युटर एकच आणि सगळी कामं त्याच्याच डोक्यावर. अशा वेळी सल्ला ठरलेला असतो, "मशीन जुनं झालं, बदला." बदलायचं तर बदला, पण आधी दहा मिनिटं द्या.

प्रोसेसरमधले कोअर म्हणजे दुकानातली पोरं समजा. व्हिडिओ एक्स्पोर्ट म्हणजे गोडाऊन आवरणं. मालकाने काही सांगितलं नाही तर सगळी पोरं गोडाऊनमध्ये घुसतात आणि काउंटरला धड कोणी मिळत नाही. आपण काय सांगू? "तुम्ही दोघं गोडाऊनला, बाकीचे इकडेच थांबा." विंडोजमध्ये हेच सांगायची सोय आहे, तिचं नाव अफिनिटी.

आधी दुखणं ओळखा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स बघा. बिलिंग अडकतं तेव्हा सीपीयू १०० टक्क्यांच्या आसपास असेल तर पुढे वाचा. सीपीयू निवांत आणि डिस्क १०० टक्के असेल, तर अफिनिटीने काही होणार नाही. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा. मेमरी भरलेली असेल तर रॅम वाढवा.

आता कामं वाटून द्या

१. टास्क मॅनेजरमध्ये डिटेल्सवर जा.
२. एक्स्पोर्ट करणारा प्रोग्रॅम शोधून त्यावर राइट क्लिक करा.
३. 'सेट अफिनिटी' निवडा. सीपीयू ०, सीपीयू १ अशी यादी येईल, सगळ्यांवर टिक असेल.
४. काउंटरसाठी जे मोकळे ठेवायचे त्यांची टिक काढा आणि ओके करा.

किती काढायच्या? इंटेलचा आय-३ १०१०० घ्या. त्यात कोअर ४, पण यादीत सीपीयू दिसतात ८, कारण एका कोअरचे दोन धरले जातात. ० आणि १ ही एक जोडी, २ आणि ३ दुसरी. म्हणून टिक जोडीने काढा. ० ते ३ काढल्या की दोन पूर्ण कोअर मोकळे झाले.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. बांधायचं ते जड कामाला, बिलिंगला नाही. बिलिंगला दोन कोअरवर बांधलंत तरी ते कोअर त्याच्यासाठी राखीव होत नाहीत, एक्स्पोर्ट तिथेही घुसतोच. उलट बिलिंगचीच जागा कमी होते.

फुकट काही मिळत नाही

निम्मे कोअर काढले तर एक्स्पोर्टला जवळपास दुप्पट वेळ लागू शकतो. व्हिडिओ अर्धा तास उशिरा आला तर चालेल, पण ताटकळलेलं गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं.

प्रोग्रॅम बंद करून परत उघडला की ही सेटिंग जाते, पुन्हा करावी लागते. ब्राउझरच्या नादी लागू नका, तो डिटेल्समध्ये एकाच नावाने दहा-वीस वेळा दिसतो. तिथे जास्तीचे टॅब बंद करणं सोपं. अँटिव्हायरसला बहुतेक वेळा विंडोज हात लावू देत नाही. त्याचं स्कॅन दुकान बंद असतानाच्या वेळेला लावा.

त्याच राइट क्लिकमध्ये 'सेट प्रायॉरिटी' पण आहे. एक्स्पोर्टला 'बिलो नॉर्मल' द्या, म्हणजे बिलिंगला काम आलं की ते पुढे जातं. खरं तर आधी हेच करून बघा. पुष्कळदा एवढ्यावर भागतं. नाही भागलं तर अफिनिटी. फक्त 'रिअलटाइम' कशालाच देऊ नका, अख्खं मशीन अडकू शकतं.

उद्या गर्दीच्या वेळी टास्क मॅनेजर एकदा उघडून बघाच. पोरं कुठे अडकलीत ते कळलं, की नवीन मशीनचा खर्च करायचा का नाही हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.