जांघेतली गाठ आणि ‘थांबून बघू’

पोटाच्या स्नायूंच्या भिंतीत एखादी जागा दुबळी राहिली, की आतली चरबी किंवा आतड्याचे वेटोळे तिथून बाहेर येते. हाच हर्निया, म्हणजे अंतर्गळ. तो पुरुषांचा आजार मानला जातो, आणि जांघेपुरते ते खरेही आहे. जांघेतल्या हर्नियाच्या दहा शस्त्रक्रियांत स्त्रीची जेमतेम एक असते. पण त्यामुळे झाले असे, की उपचाराचे ठोकताळे पुरुषांवरून बसवले गेले आणि तेच स्त्रियांना लावले गेले.

स्त्रियांत पोटाचा हर्निया जास्त ओळखीचा. बाळंतपणांनंतर बेंबी बाहेर येते, किंवा सिझरच्या टाक्यांखाली फुगवटा दिसू लागतो. सिझरची चीर आडवी असेल तर हा धोका कमी, बेंबीखालून उभी घेतली असेल तर जास्त. बाळंतपणानंतर कधी कधी पोटाचे उभे स्नायू मधोमध फाकतात, तो मात्र हर्निया नव्हे. तिथे भोक नसते, आतडे अडकत नाही आणि बहुतेकींना व्यायामाने फरक पडतो. बेंबीचा हर्निया त्रास देत नसेल आणि आणखी मूल हवे असेल, तर शस्त्रक्रिया बहुधा बाळंतपणानंतर ठेवतात.

जांघेची गोष्ट वेगळी. तिथे दोन वाटा असतात. वरची इंग्वायनल. खालची फिमोरल, मांडीकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेच्या आतल्या अंगाला. स्त्रीची कटी रुंद असल्याने ही खालची वाट तिच्यात अधिक मोकळी असते, पण तिचे तोंड अरुंद आणि कडा कडक. आतडे शिरले की सहज परत फिरत नाही आणि त्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. लंडनमध्ये १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, फिमोरल हर्निया दिसू लागल्यापासून तीन महिन्यांत आतडे आवळले जाण्याची शक्यता २२ टक्के आणि एकवीस महिन्यांत ४५ टक्के निघाली.

‘लहान आहे, त्रास नाही, थांबून बघू’ या सल्ल्याला आधार आहे तो उत्तर अमेरिकेतल्या २००६ च्या चाचणीचा. तिच्यातले सातशे वीस रुग्ण सगळे पुरुष होते. हर्निया दुरुस्त करताना बसवायच्या जाळीचेही तेच. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याच्या डॉ. रवींद्रनाथ टोणगावकरांनी मच्छरदाणीच्या कापडाची स्वस्त जाळी वापरात आणली. तिच्यासारख्याच जाळीची युगांडात चाचणी होऊन २०१६ मध्ये ती नावाजली गेली. त्या चाचणीतही एकसुद्धा स्त्री नव्हती. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी अखेर स्पष्ट केले की स्त्रीच्या जांघेतला हर्निया वेळेवर दुरुस्त करावा.

मुंबईतल्या दिंडोशीत, कुरार-आप्पापाड्याच्या चढावरच्या वस्त्यांत किंवा म्हाडाच्या इमारतींत, गाठ दाखवायला बाई एकटी क्वचितच जाते. बहुतेकदा कंबरदुखीची चिठ्ठी काढायला गेलेली असताना ती जाता जाता सांगते. परकराची नाडी सैल केल्याशिवाय ही जागा दिसत नाही, आणि अर्धवट पडद्याच्या खोलीत तेवढे सांगायला डॉक्टर आणि ती, दोघांनाही अवघडते. वरून हात लावून काम भागवले की निदान चुकते.

तपासणी उभे करून करायची असते. डॉक्टर जांघेच्या घडीवर बोटे ठेवून खोकायला सांगतात. जघनास्थीवर बोटाला लागणारा छोटा उंचवटा ही खूण. गाठ त्याच्या वर आणि आतल्या बाजूला असेल तर इंग्वायनल, खाली आणि बाहेरच्या बाजूला असेल तर फिमोरल. जाड अंगाच्या बाईत हे बोटाला नीट कळत नाही, म्हणून सोनोग्राफी खोकायला लावून करतात. गरोदरपणातली जांघेची सूज मात्र बऱ्याचदा हर्निया नसून फुगलेल्या शिरांची असते. डॉपलरने ती ओळखू येते आणि बाळंतपणानंतर ती बसते.

शस्त्रक्रियेसाठी स्त्रियांना दुर्बिणीची पद्धत अधिक सोयीची आहे, कारण त्यांच्यात खालची वाटही बघावी लागते. बेंबीखाली सेंटिमीटरभराचे छिद्र घेऊन स्नायू आणि पोटाचे अस्तर यांच्यामध्ये कार्बन डायऑक्साइडने जागा केली, की दोन्ही वाटा एकाच पडद्यावर समोर दिसतात. हर्नियाची पिशवी गर्भाशयाच्या गोल बंधाला चिकटलेली असते. ती सोडवावी लागते, कधी बंधच कापावा लागतो. मग साधारण दहा बाय पंधरा सेंटिमीटरची जाळी दोन्ही तोंडांवर पसरतात. समोरून चीर घेऊन केवळ वरची वाट शिवली तर खालची नजरेआड राहते. स्वीडनच्या नोंदींत, इंग्वायनल म्हणून शस्त्रक्रिया झालेल्या ज्या स्त्रियांना पुन्हा टेबलावर घ्यावे लागले, त्यांतल्या सुमारे ४२ टक्क्यांत फिमोरल हर्निया सापडला. पुरुषांत हे प्रमाण पाच टक्क्यांच्याही आत होते.

दुर्बिणीसाठी बहुधा पूर्ण भूल लागते, चिरेच्या शस्त्रक्रियेला कमरेत दिलेली भूल चालते. घरी गेल्यावर चालणे-फिरणे लगेच सुरू करता येते. पाण्याचा हंडा, गॅसची टाकी, चढावरून कडेवरचे पोर यांबाबत मात्र काही आठवडे थांबायला सांगतात. हा सल्ला पाळायचा तर घरातल्या इतरांनी ओझे उचलायला हवे. शस्त्रक्रियेऐवजी पट्टा बांधून फिमोरल हर्निया बरा होत नाही.

गाठ आत जाईनाशी झाली, दुखू लागली, उलट्या झाल्या, पोट फुगले किंवा गॅस सरकेनासा झाला, तर ती दाबून आत ढकलू नये, काही खाऊ-पिऊ नये आणि सकाळच्या ओपीडीची वाट न पाहता त्याच तासाला कूपरच्या किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जावे.