शाहीर नसलेला पोवाडा

आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा बाबू गेनू सैद हा मुंबईत गिरणी कामगार होता. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीला परदेशी कापडाची लॉरी अडवायला तो रस्त्यात उभा राहिला आणि लॉरीखाली गेला. आपल्याकडे असा प्रसंग शाहिराच्या हाती पडतो. मग डफ, तुणतुणं, झीलकरी आणि नावागावासकट सगळी हकिगत.

रशियातल्या अशाच एका रक्तरंजित दिवसाचं संगीत मात्र एकही शब्द उच्चारत नाही.

जुन्या रशियन पंचांगानुसार ९ जानेवारी १९०५ ला सेंट पीटर्सबर्गचे कामगार झारकडे अर्ज घेऊन निघाले आणि सैनिकांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्यावर दिमित्री शोस्ताकोविचनं १९५७ साली अकरावी सिंफनी रचली, ‘१९०५ साल’. गाणारं कोणी नाही, तरी तिच्यात क्रांतिगीतांच्या आणि तुरुंगातल्या गाण्यांच्या चाली ठासून भरल्या आहेत. नारायणगावच्या तमाशाचा मुरलेला प्रेक्षक नुसत्या चालीवरून पुढचं ओळखतो, तसे रशियन श्रोते शब्द मनातच म्हणत. तिसऱ्या भागात व्हायोला जी संथ धून वाजवतात, ती क्रांतीत बळी पडलेल्यांना निरोप देणाऱ्या शोकगीताची.

शब्द नसल्याचा फायदाही झाला. वर्षभरापूर्वीच, १९५६ मध्ये, सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये घुसले होते. काही श्रोत्यांना सिंफनीतल्या गोळीबारात तेच ऐकू आलं. सरकारनं मात्र १९५८ साली सिंफनीला लेनिन पारितोषिक दिलं! पोवाड्याला ही पळवाट नाही. त्यात मारणाऱ्याचं नाव घ्यावंच लागतं.

त्याच १९५८ साली, ऐन शीतयुद्धात, वाद्यवृंद-संचालक लिओपोल्ड स्टोकोव्स्कीनं अमेरिकेत ह्यूस्टनच्या वाद्यवृंदाकडून ती ध्वनिमुद्रित करून घेतली. पुढच्या ध्वनिमुद्रणांत वेगाचा फरक थक्क करणारा आहे. संचालक किरिल कोंद्राशिननं १९७३ मध्ये मॉस्कोत ती चोपन्न मिनिटांच्या आसपास संपवली. शोस्ताकोविचचा शिष्य रोस्त्रोपोविच २००२ साली लंडनमध्ये बहात्तर मिनिटं घेतो. त्याचा पहिला भाग, राजवाड्यासमोरचं गोठलेलं मैदान, इतका रेंगाळतो की नवखा श्रोता कंटाळेल. (हेडफोनचा आवाज मात्र वाढवू नये, दुसऱ्या भागात ताशे आणि ढोल गोळ्यांसारखे कडाडतात.) पहिल्यांदा ऐकणाऱ्यानं कोंद्राशिनच निवडावा. त्याच्या गोळीबारात दम घ्यायला उसंत नाही. योगायोग असा, की क्रांतीची ही सिंफनी वाजवून घेणारे हे दोघेही पुढे सोव्हिएत देशात राहिले नाहीत: रोस्त्रोपोविच १९७४ मध्ये बाहेर पडला, कोंद्राशिन १९७८ मध्ये.