बेडी, पट्टा आणि विश्वास

अपराध्यावर पहारा ठेवण्याचें काम आजवर भिंतीनें, कुलपानें आणि शिपायानें केलें. आतां तें काम मुठींत मावेल एवढें यंत्र करूं लागलें आहे. सन २०२३ च्या नोव्हेंबर महिन्यांत जम्मू येथील विशेष न्यायालयाच्या हुकुमावरून एका आरोपीस जामिनावर सोडतांना त्याच्या घोट्यास असें यंत्र बांधण्यांत आलें; आपल्या देशांतील हा पहिलाच प्रसंग म्हणून त्याची नोंद झाली. त्याच वर्षीं मध्यवर्ती सरकारनें तुरुंगांविषयीं जो नमुना-कायदा राज्यांकडे पाठविला, त्यांत रजेवर जाणाऱ्या कैद्यानें असें यंत्र बांधून घेण्यास तयार असावें, अशी अट घालण्याची सोय आहे. तेव्हां हा विषय उद्यां आमच्या सातारा-सांगलीकडील न्यायालयांतही येईल, हें धरून चालावें. म्हणून वाचकांपुढें तो मांडीत आहों.

आपल्या घरांत रांगत्या मुलाच्या पायांत घुंगुरवाळा घालण्याची रीत होती. मूल दृष्टीआड झालें तरी तें माजघरांत आहे कीं अंगणांत, हें आईस आवाजावरून कळे. या यंत्राचें तत्त्व तेंच. आकाशांतील उपग्रहांच्या संदेशांवरून तें आपलें ठिकाण ठरवितें, आणि मोबाइलच्या जाळ्यामार्फत तें पोलिसांच्या कचेरीस कळवितें. नेमून दिलेली सीमा ओलांडली अथवा पट्टा कापला, कीं तेथें तत्काळ इशारा होतो. परंतु घुंगुरवाळ्याचा आवाज ऐकणारी आई असते. येथें ऐकणारा कोण, हाच आमच्या मतें या विषयांतील मुख्य प्रश्न आहे.

यंत्राची जन्मकथाही विचार करण्यासारखी आहे. सन १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत श्विट्झगेबेल नांवाच्या जुळ्या भावांनीं अंगावर बाळगावयाचें असें साधन प्रथम बनविलें. आडमार्गास लागलेल्या तरुणांस ठरल्या वेळीं ठरल्या जागीं पोहोंचल्याबद्दल शाबासकी द्यावी, दुरूनही त्यांस धीर देतां यावा, हा त्यांचा हेतु होता. पुढें सन १९८३ मध्यें न्यू मेक्सिको राज्यांतील आल्बुकर्क येथील न्यायाधीश जॅक लव्ह यांस स्पायडरमॅनच्या चित्रकथेवरून कल्पना सुचली, आणि त्यांच्या हुकुमानें अपराध्यांच्या पायांत पट्टे आले. शाबासकीसाठीं योजिलेलें साधन अशा रीतीनें पहारेकरी बनलें.

तथापि यंत्रास पाहतांच नाक मुरडणें योग्य नव्हे. सन २०२२ अखेर देशांतील तुरुंगांत सुमारें ५,७३,००० माणसें होतीं आणि जागा सुमारें ४,३६,००० जणांपुरतीच होती. त्या माणसांपैकीं सुमारें ४,३४,००० जणांचे खटले अद्यापि चालू होते. म्हणजे दर चार बंद्यांत तिघांचा अपराध सिद्धच झालेला नव्हता. घरचा कर्ता पुरुष असा आंत राहिला, म्हणजे शेत पडिक राहतें, मुलांचीं शाळेचीं वर्षें वायां जातात, म्हाताऱ्यांचें औषधपाणी थांबतें. घरास शिक्षा आधीं होते आणि निकाल मागाहून लागतो. पट्ट्यामुळें असा मनुष्य आपल्या चुलीजवळ राहूं शकत असेल, तर भिंतीपेक्षां पट्टा बरा, हें कोणीही कबूल करील. मात्र जो साध्या जातमुचलक्यावर सुटला असता, त्याच्याच पायांत जर पट्टा अडकविला, तर ती सवलत नव्हे. ती नवी बेडी होय.

या बेडीस दुसरेही कांटे आहेत. यंत्र रोज विजेवर भारावें लागतें. ज्या वाडीवर वीज जाते अथवा ज्या डोंगरकपारींत संदेश पोहोंचत नाहीं, तेथें निरपराध मनुष्यही नाहींसा झाल्यासारखा दिसेल. अमेरिकेंत कित्येक ठिकाणीं या पट्ट्याचें भाडें बांधून घेणाऱ्याच्याच खिशांतून वसूल होतें. तेथें दरिद्र्यास तो दंडावर दंड होतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेंही या बाबतींत सावधगिरीचा इशारा दिला आहे. जामिनावरील आरोपीनें मोबाइलच्या नकाशांतून आपलें ठिकाण तपास-अधिकाऱ्यास सतत कळवीत राहावें, ही अट न्यायमूर्ति अभय ओक व न्यायमूर्ति उज्ज्वल भुइयाँ यांनीं ८ जुलै २०२४ रोजीं अग्राह्य ठरविली. ज्या योगें पोलिसांस मनुष्याच्या खासगी जीवनांत अखंड डोकावतां येतें, ती अट घटनेनें दिलेल्या हक्कास बाधक आहे, असा त्यांचा अभिप्राय पडला.

नुसत्या नजरेनें मनुष्य सुधारतो काय, याचा अनुभव आपल्याच भूमींत भरपूर मिळालेला आहे. इंग्रजी अमलांत सन १८७१ मध्यें गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. पुढें त्याच्या कक्षा वाढत गेल्या, आणि कित्येक जमातींतील माणसें जन्मतःच संशयित ठरलीं. नोंदलेल्या माणसानें नेमल्या वेळीं पाटलाकडे वा पोलिसांकडे हजेरी द्यावी, परगांवीं जाण्यास परवानगी घ्यावी, असा नियम होता. सोलापुरास तर अशा लोकांची वसाहत कांटेरी तारांच्या कुंपणांत होती. सन १९५२ मध्यें हा कायदा देशभर रद्द झाला, परंतु त्यानें लाविलेला डाग पुढील पिढ्यांसही पुसतां आला नाहीं. हजेरीपुस्तक आम्हीं उभा जन्म हाताळलें आहे. वर्गांत कोण बसला आहे हें त्यांत कळतें. बसलेल्याचें मन कोठें आहे, हें त्यांत कधींच उमटत नाहीं.

याच्या अगदीं उलट प्रयोग त्याच काळीं आमच्या शेजारीं झाला. औंधच्या पंतप्रतिनिधींचें घराणें कऱ्हाडकरांस परकें नाहीं. येथील कोटांत त्यांचा वाडा होता. त्या संस्थानचे अधिपति भवानराव यांनीं सन १९३९ मध्यें आटपाडीजवळ ‘स्वतंत्रपूर’ नांवाची कैद्यांची खुली वसाहत वसविली. तिच्यामागें भारतानंद या नांवानें ओळखले जाणारे पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रीडमन यांची कल्पना व खटपट होती. तेथें भोंवतीं तट नाहीं. शिक्षा झालेल्यांनीं जमीन कसावी, आणि बायकामुलांनींही त्यांच्याजवळ येऊन राहावें, अशी योजना होती. संस्थान विलीन झालें, पण ती वसाहत राहिली. आटपाडीच्याच मुलखांत वाढलेले ग. दि. माडगूळकर यांनीं या प्रयोगावरून कथा लिहिली, आणि व्ही. शांताराम यांनीं सन १९५७ मध्यें तिचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट केला. त्या नांवांतच आमच्या विषयाचें मर्म आहे. सहा खुनी कैद्यांच्या बारा हातांस आवरणारे डोळे येथेंही दोनच आहेत. परंतु ते केवळ पाळतीचे नव्हेत. ज्यानें आपल्यावर विश्वास टाकला, त्याचा विश्वासघात होऊं नये, ही भीति तेथें कुलपाचें काम करिते.

तेव्हां आमचें म्हणणें इतकेंच कीं, पट्टा येवो, परंतु तो माणसाच्या ऐवजीं येऊं नये. मुंबई इलाख्यांत सन १९३८ मध्यें आणि सबंध देशासाठीं सन १९५८ मध्यें परिवीक्षेचा कायदा झाला. त्या कायद्यान्वयें न्यायालय योग्य अपराध्यास शिक्षा न भोगवितां सद्वर्तनाच्या हमीवर सोडूं शकतें, आणि परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखालीं ठेवूं शकतें. हा अधिकारी घरीं येतो, कामधंद्याची विचारपूस करितो, प्रसंगीं रोजगार मिळवून देण्यास झटतो. यंत्राच्या खरेदीस पैसा मिळावा आणि असल्या अधिकाऱ्यांच्या नेमणुकीस मिळूं नये, असें झालें तर पाऊल सांपडेल, पण मनुष्य हरवेल.

घरोघरींही हल्लीं शिकावयास गेलेल्या मुलाचें ठिकाण वडील मंडळी मोबाइलच्या नकाशावर पाहत असतात. पाहूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. काळजी ही मायेचीच दुसरी बाजू आहे. मात्र मुलगा वसतिगृहांत आहे एवढें पाहून निश्चिंत होऊं नये. आठवड्यांतून एकदां तरी त्याच्याशीं सावकाश बोलावें, आणि त्याचें बोलणें पुरें होईपर्यंत ऐकून घ्यावें.